एक्स्ट्रा लाइट लावताय ना, मग आधी ती विझणार कशी ते ठरवा

मुंबईत एक गंमत आहे, गाडीला वरून लावलेल्या कुठल्याही लाइटला आपण सरसकट फॉगलाइटच म्हणतो. बंपरखाली असो, बाइकच्या लेगगार्डवर असो, पिवळी असो पांढरी असो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा दुकानदार पण फॉगलाइटच म्हणणार आणि नाक्यावर बाजूला घेणारा हवालदार पण. बोलायला ठीक आहे, पण वायरिंग करताना फरक माहीत नसेल तर पुढचं सगळंच चुकतं, म्हणून ते आधी उरकून घेऊ.

फॉगलाइट खाली बसते, उजेड आडवा पसरवते आणि वरून सुरीने कापल्यासारखा सपाट ठेवते, धुक्यात आणि धो धो पावसात रस्त्याची कड दिसावी एवढंच तिचं काम, त्यामुळे ती डिप्परसोबत, म्हणजे हेडलाइटच्या जवळच्या खालच्या उजेडासोबत, चालते. ड्रायव्हिंग लाइट म्हणजे अप्परला, हेडलाइटच्या लांबच्या उजेडाला, हातभार, लांब फेकणारी, ती अप्परसोबतच लागली पाहिजे आणि तुम्ही डिप्परवर आलात की तिनेही जागच्या जागी विझायला पाहिजे. धुक्यात ही लावली तर उजेड परत आपल्याच डोळ्यात येतो, माळशेजला जुलैमध्ये जाऊन आलेल्याला हे वेगळं सांगायला नको. बाजारात जे छोटे एलईडी जोड मिळतात त्यातले बहुतेक या दुसऱ्या प्रकारचेच असतात, खोक्यावर फॉग लिहिलेलं असलं तरी. म्हणून हा लेख मुख्यतः ड्रायव्हिंग लाइटवर, फॉगचं मध्ये येईल तेवढं सांगतो.

माझी पहिली जोडी मी बाइकला लावून घेतली तेव्हा मिस्त्रीने सरळ बॅटरीवरून वायर ओढली, मध्ये एक स्विच, झालं काम, वीस मिनिटं. मस्त उजेड. आठ दिवसांनी पहाटे माळशेजच्या अलीकडे चहाला थांबलो, उजाडायला लागलं होतं त्यामुळे लाइट चालू राहिली ते कळलंच नाही, चावी काढून खिशात, टपरीवर दीड तास गप्पा. परत आलो तर सेल्फला नुसता टकटक आवाज. हिशोब नंतर केला, ४० वॉटची जोडी म्हणजे साधारण सव्वातीन अँपिअर, दीड तासात पाच अँपिअर-अवर गेले आणि बॅटरी मुळात आठची. किक नव्हती. उतारापर्यंत ढकलत नेली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की लाइट कितीची घेतली हा नंतरचा प्रश्न, आधी तिच्यावर ताबा कोणाचा ते बघायचं. तीन अटी लिहून घ्या:

– चावी बंद तर लाइट बंद.
– डिप्परवर आलो तर लाइट बंद, वेगळं बटण न शोधता.
– शहरात अप्पर मारला तरी लाइट लागू नये असं वाटलं तर ती सोय पण पाहिजे.

आणि मजा म्हणजे या तिन्ही अटी एकाच बारीक वायरीने पूर्ण होतात. अप्परच्या वायरीवरून एक फांदी काढायची, ती स्विचमधून न्यायची आणि रिलेला द्यायची, बस. रिले म्हणजे बारीक वायरीच्या इशाऱ्यावर जाड वायरीचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अप्पर नाही तर रिलेला काही मिळत नाही, चावी नाही तर अप्पर नाही, आणि स्विच बंद ठेवला तर अप्पर असूनही काही नाही. कारवाल्यांनी फक्त एकदा चावी काढून हेडलाइट लागतो का ते बघून घ्या, काही गाड्यांत लागतो, मग पहिली अट तुमच्या सवयीवर राहील. फॉगलाइट असेल तर हीच फांदी अप्परऐवजी पार्किंग लाइटच्या वायरीवरून घ्यायची.

हिशोब आणि खरेदी

वॉट भागिले १२, एवढंच गणित. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट, सव्वानऊ अँपिअर. २० वॉटचे दोन एलईडी म्हणजे सव्वातीन. कारला दोन्ही चालतं. बाइकला हॅलोजनच्या नादी लागू नका, तिथे जनरेटिंग कॉइलच लहान असते. लाइट बसवल्यावर इंजिन आयडलला ठेवून, हेडलाइट आणि नवीन लाइट दोन्ही लावून बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा, १३ व्होल्टच्या वर राहतोय तर ठीक, आणि तो १२.५, १२.४ असा उतरत चाललाय तर समजायचं की लाइट बॅटरी खातेय, सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये लाइट बंद ठेवावी लागेल.

फ्यूज लोडच्या थोडा वर. एलईडीच्या जोडीला ५ चा खाकी नाहीतर ७.५ चा चॉकलेटी, हॅलोजनच्या जोडीला १५ चा निळा. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकायचा नाही, तो वायर वाचवायला असतो, लाइट वाचवायला नाही.

वायर मात्र जाड घ्या. ११० वॉटला अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर वापरली, जाऊन येऊन चार मीटर धरली, तर सव्वा व्होल्ट वायरीतच जातो, आणि हॅलोजनला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले की उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. दीड स्क्वेअरची घेतली तर तोटा ०.४ व्होल्टच्या आसपास. एलईडीला एक स्क्वेअर पुरे, स्विचच्या वायरीला अर्धा पण चालेल कारण तिच्यातून फक्त रिलेची कॉइल चालते, ०.२ अँपिअरच्या आत.

बाकी सामान म्हणजे चार किंवा पाच पिनचा १२ व्होल्टचा रिले सॉकेटसकट, वायरवाला फ्यूज होल्डर, वॉटरप्रूफ स्विच, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), काळा नालीदार पाइप, केबल टाय. लाइट सीएसटी रोडला नाहीतर ऑपेरा हाऊसच्या बाजूला घ्या, पण रिले, वायर आणि स्लीव्हसाठी लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा, तिथे मोजून आणि नीट बघून घेता येतं. तयार वायरिंग किट पण मिळतो, वाईट नसतो, फक्त आतली वायर किती जाड आहे ते टोक सोलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, वरचं प्लास्टिक जाड आणि आत चार केस असले प्रकार भरपूर.

आणि एक गोष्ट दुकानातच तपासायची. पांढरी, पिवळी आणि लुकलुकणारी अशी तीन मोडवाली स्वस्त लाइट असते ना, ती सप्लाय तुटून परत आली की पुढच्या मोडवर उडी मारते. आता विचार करा, आपण तिला अप्परवर जोडणार, म्हणजे दर वेळी डिप्परवर येऊन परत अप्परला गेलो की रंग बदलणार. मी हे केलंय. गणपतीला गावी जाताना कशेडीच्या अलीकडे समोरून एसटी आली, मी डिप्परवर आलो, ती गेल्यावर परत अप्पर मारला तर डावी पिवळी आणि उजवी टिमटिम, अँब्युलन्ससारखी. पुढचे कारवाले साइड द्यायला लागले. एका रंगाची, एका मोडची लाइट घ्या. दोन रंग हवेच असतील तर प्रत्येक रंगाला वेगळी वायर असलेली घ्या.

अप्परची वायर शोधणं

इथे घाई करू नका, अर्ध्याहून जास्त लोक इथेच फसतात. वायरीच्या रंगावर अजिबात विश्वास नको, मीटर लागेल, दोनतीनशेवाला डिजिटल पण चालतो. काळं टोक बॅटरीच्या मायनसला. लाल टोकाने हेडलाइटच्या कपलरमधली, म्हणजे बल्बच्या मागच्या प्लगमधली, अप्परची पिन मोजायची, पण कपलर बल्बला लावलेलाच ठेवून, मागच्या बाजूने बारीक टाचणी घालून. कपलर काढून मोजलंत तर खाली जो घोळ सांगतो तो दिसणारच नाही.

डिप्परवर शून्य आणि अप्परवर १२ आलं तर सुटलात, सरळ गाडी आहे, ही वायर स्विचमधून रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेला, ८५ बॉडीला अर्थ (नंबर रिलेवर छापलेले असतात, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइलची दोन टोकं).

डिप्परवर १२ आणि अप्परवर शून्य आलं तर मीटर बिघडलेला नाही. काही गाड्यांत, विशेषतः जपानी डिझाइनच्या, बल्बला प्लस थेट मिळतो आणि अप्पर-डिप्परचा स्विच मायनस जोडतो-तोडतो. अप्पर बंद असताना फिलामेंटमधून येणारे १२ व्होल्ट तुम्हाला तिथे दिसतात. अशा गाडीत वरच्यासारखं जोडलं तर लाइट डिप्परवर लागते आणि अप्परवर विझते, आणि माणूस दोन दिवस रिले बदलत बसतो. इथे उलट करायचं, चावीवर येणारी फ्यूजवाली सप्लाय स्विचमधून ८६ ला, आणि ८५ अर्थला न देता अप्परच्या त्या पिनेला.

डीसीवर काहीच धड दिसत नाही, पण मीटर एसीवर टाकला की व्होल्ट दिसतात आणि इंजिन रेझ केलं की वाढतात, असं जुन्या बाइक-स्कूटरवर होतं. तिथे हेडलाइट बॅटरीवर नसतोच, थेट कॉइलच्या एसीवर असतो. त्यावर साधा रिले लावला तर तो माशीसारखा गुणगुणतो आणि लवकरच मरतो. अशा गाडीला अप्परचा नाद सोडा, चावीवरची सप्लाय, स्विच आणि रिले एवढंच करा, आणि स्विच डाव्या अंगठ्याच्या अगदी जवळ बसवा कारण आता डिप्परचं काम तुम्हालाच करायचंय. १ एप्रिल २०१७ पासून आलेल्या बाइकमध्ये इंजिन चालू तर हेडलाइट चालूच असतो, त्यामुळे तिथे फांदी डिप्परवरून चुकूनही घेऊ नका, नाहीतर एक्स्ट्रा लाइट दिवसरात्र जळणार.

आणि मीटर सहा-सात-आठ असं काहीतरी अर्धवट दाखवत असेल तर गाडीचा कंट्रोल युनिट त्या वायरीला सप्लाय चालू-बंद करत देतोय, डोळ्याला न दिसेल इतक्या वेगाने. बऱ्याच नव्या कार आणि महागड्या बाइक अशाच असतात, शिवाय त्या प्रत्येक वायरीचा करंट पण मोजतात, तिथे काहीतरी फांदी मारली की गाडीच्या डॅशबोर्डवर बल्बची वॉर्निंग येते. इथे हातचलाखी नको. त्या मॉडेलसाठी बनवलेला, नुसता प्लग लावायचा हार्नेस (तयार वायरिंग) मिळतो तो घ्या. बीएमडब्ल्यू, केटीएमसारख्या बाइकला हेक्स ईझीकॅन किंवा डेनाली कॅनस्मार्टसारखे मॉड्यूल असतात, ते गाडीच्या डेटा लाइनवरून अप्पर लागला हे वाचतात, वायर कापायला लागत नाही. महाग आहेत, पण वॉरंटीतल्या गाडीची वायर कापलेली सर्व्हिस सेंटरला दिसली की तो जे बोलतो त्यापेक्षा स्वस्तच.

रिले

बॅटरीचा मायनस आधी काढा. मग बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज होल्डर, तिथून रिलेच्या ३० ला. फ्यूज लांब लाइटजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघडी पडली, ती कुठे घासून बॉडीला लागली तर वाचवणारं कोणी नाही. ८७ वरून दोन्ही लाइटच्या प्लसला. लाइटचे मायनस शक्यतो परत बॅटरीच्या मायनसला आणा, रंगावर स्क्रू मारून अर्थ घेतला की पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे गंज आणि लाइट मिणमिण. ८५ आणि ८६ वर सांगितलं तसं. रिलेच्या आत डायोड असेल तर, अंगावर काढलेल्या चित्रात दिसतो, ८६ लाच प्लस गेला पाहिजे, साध्या रिलेला उलटसुलट चालतं.

पाच पिनवाला असेल तर मधली पिन नीट वाचा. काहींवर दोन्हीकडे ८७ असतं, मग प्रश्न नाही. पण मधल्या पिनेवर ८७ए लिहिलं असेल तर तिथे रिले बंद असताना सप्लाय असते. माझ्या एका मित्राने लाइट तिथे जोडली, मग स्विच ऑन केला की लाइट ऑफ आणि गाडी उभी केली की ऑन, रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या केबिनवर फोकस.

रिले उंच जागी आणि पिना खाली करून बसवा. आपल्याकडे हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशी पाणी तुंबणारी ठिकाणं आहेत, बंपरमागे रिले ठेवलात तर जूनमध्ये तो पोहायला शिकेल. समुद्राच्या हवेने तांबं हिरवं पडतं, म्हणून नुसतं पिळून टेप मारायचा जॉइंट चालणार नाही, थिंबल दाबून वर गोंदवाली हीट श्रिंक. बाइकवर हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा वायर ताणली जाते का, हे न बघता केबल टाय आवळले की सहा महिन्यांनी मानेपाशी वायर आतल्या आत तुटते आणि शोधताना जीव जातो.

डिमर पाहिजे का?

बाइकवाल्यांनी विचार करावा असं मी म्हणेन. कल्पना अशी की डिप्परवर एक्स्ट्रा लाइट मंद, वीस-तीस टक्के, म्हणजे लोकांना तुम्ही दिसता, आणि अप्परवर पूर्ण. लाइट कंट्रोलर म्हणून डबी मिळते, ती सप्लाय भराभर तोडजोड करून उजेड कमी करते. गोची एवढीच की काही एलईडीच्या आत स्वतःचा ड्रायव्हर असतो आणि त्याला अशी तुटक सप्लाय झेपत नाही, मग लाइट फडफडते. डिमरसाठी वेगळी वायर दिलेली लाइट असेल तर काळजी नाही, नसेल तर दुकानात डिमर लावून चालवून दाखवायला सांगा. आणि मंद लाइट पण खाली झुकलेलीच पाहिजे, वर बघणारी मंद लाइट समोरच्याला तितकाच त्रास देते.

रोख

रात्री भिंत शोधा, समोर आठ मीटर तरी सपाट जागा असलेली. सोसायटीचा स्टिल्ट पार्किंग बेस्ट. बाइक स्टँडवर नको, कोणीतरी वर बसलेलं पाहिजे, आणि नेहमी बायको मागे बसत असेल तर तिला पण बसवा, मागचं सस्पेन्शन दबलं की लाइट वर बघायला लागते. लाइटच्या मधोमध जमिनीपासून किती उंची ते मोजून भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीवर रेघ मारा. उजेडाचा सगळ्यात प्रखर गोळा त्या रेघेच्या थोडा खाली पडला पाहिजे, फॉगलाइट असेल तर तिची वरची कड पण रेघेखालीच. मग नट घट्ट करा आणि नटावर पेंटची खूण करा, खड्ड्यांनी हलली तर दिसेल.

कायदा पण याच गोष्टीवर बोट ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की पुढची लाइट कायम खाली झुकलेली असावी, आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला ती दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाचे डोळे. १११ वा नियम पुढे स्पॉटलाइट, सर्चलाइट आरटीओच्या आधीच्या परवानगीशिवाय लावायला मनाई करतो. आणि कारवाल्यांनो, लाइट टांगायला बुलगार्ड लावू नका, डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. वेस्टर्न एक्सप्रेसवर किंवा गल्लीत या लाइटची गरज शून्य आहे, स्विच बंद ठेवा, लांब फेकणाऱ्या लाइटसाठी कव्हर मिळतं ते घातलंत तर उत्तम.

शेवटची तपासणी

मायनस परत जोडा. चावी बंद, स्विच ऑन, लाइट लागू नये. चावी ऑन, डिप्पर, लागू नये. अप्पर, लागली पाहिजे. परत डिप्पर, गेली पाहिजे. अप्पर असताना स्विच ऑफ, गेली पाहिजे. मग दहा मिनिटं चालू ठेवून फ्यूज होल्डर, रिले आणि प्रत्येक जॉइंटला हात लावा, कोमट चालेल, चटका बसला तर तो जॉइंट परत करा. पाण्याचा पाइप मारून पुन्हा एकदा हेच सगळं.

आणि शेवटी एका मित्राला समोर पन्नास-साठ मीटरवर त्याच्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवरच, बसवा आणि तुम्ही अप्पर-डिप्पर करत राहा. डिप्परवर त्याने काही न बोलता अंगठा दाखवला तर काम झालं. शिव्या आल्या तर खाली उतरा, पाना घ्या, अजून एक बोट खाली करा.